फ्रँकलिनची बरणी

कोल्टर्स बेंड, नेब्रास्का
२ जून १९७६

प्रिय हेस्टर आत्या,

पत्र लिहायचं मी किती दिवस टाळतोय ते सांगत नाही, नाहीतर तू बोटांवर मोजत बसशील. ओमाहात तुझ्यासाठी कार्ड घेतलं होतं, त्याच्या पाठीवर पत्त्यांच्या डावाचे गुण लिहून संपवलं. इथं आल्यावर कागद पुढ्यात घेतला, तर समोरून एक ट्रक गेला, त्याच्या टपावर एक पिवळा कुत्रा गाढ झोपलेला. ट्रक पळतोय आणि हा घोरतोय! आता असलं काही दिसल्यावर माणसानं पत्र लिहावं की कुत्र्यामागे जावं? असो. तुझा भाचा जिवंत आहे, दोन वेळ जेवतो आणि तुरुंगात नाही. म्हणजे एकदा होतो, तेच सांगायला बसलोय.

बसमधून उतरलो तेव्हा वाटलं, गावात कसली साथ आलीय की काय. टपालवाला, खाटीक, पेट्रोल भरणारा, अगदी न्हावीसुद्धा, सगळ्यांना मूठ-मूठ दाढ्या. देशाला चार जुलैला दोनशे वर्षं होणार, म्हणून सगळ्या पुरुषांनी जुन्या काळासारखं दिसायचं असं जानेवारीतच ठरलंय. बायकांनी उन्हाची टोपडी घालायची. हनुवटी उघडी दिसली की लुटुपुटीचे पोलीस पकडतात. त्यांचे लांब काळे कोट, घुमटासारख्या टोप्या, आणि हातात कागदाच्या लगद्याचे रंगवलेले दांडके. पाठीत बसला तर गुदगुल्या होतात.

मला थांब्यावरच धरलं. चाकांवरच्या एका पिंजऱ्यात घातलं (डुकरं नेतात तो, धुतलेला होता, पण वास राहतोच) आणि चौकात लुटुपुटीच्या न्यायाधीशापुढे उभं केलं.

"आरोपीला दाढी का नाही?"

मी म्हटलं, "महाराज, आमच्या घराण्यात दाढी आत्याला येते."

चौक हसून लोळला, आत्या. मग जनावरांच्या पाण्याच्या टाकीत मला बुडवलं, बाहेर काढलं, टॉवेल दिला आणि ॲपल पायचा एवढा मोठा तुकडा दिला. न्यायाधीश म्हणजे ऑर्विल क्रेबिल. एरवी ट्रॅक्टर विकतो, आणि शाळा मंडळ त्याच्याच खिशात आहे. विनोद आवडला म्हणून त्यानंच मला काम दिलं.

काम काय, तर पेंडीच्या जुन्या दुकानात ऑर्फा डाहलग्रेन म्हणून बाई आहेत, त्यांच्या हाताखाली राहायचं. चाळीस वर्षं गावच्या शाळेत इतिहास शिकवतात. उंच, वाळक्या, आणि जीभ अशी की पेन्सिलीला टोक काढावं. दुकानात त्यांनी फळीवर काचेच्या बरण्या मांडल्यात. देशाचा सर्वांत थोर राष्ट्राध्यक्ष कोण? येणाऱ्यानं पोत्यातून मक्याचा एक दाणा उचलायचा आणि आपल्या माणसाच्या बरणीत टाकायचा. वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन, दोन्ही रूझवेल्ट, ट्रूमन, आयझेनहॉवर, केनेडी, फ्रँकलिन, जॅक्सन अशा रांगेत उभ्या आहेत सगळ्या. दोन वर्षांपूर्वी ज्याला राजीनामा द्यावा लागला त्याची बरणी टेबलाखाली आहे. मागणाऱ्याला काढून द्यायची, पण कुणी मागत नाही. निकाल चार जुलैला मैदानावरच्या मंचावरून बाई वाचणार.

मी सांडलेले दाणे उचलतो आणि उंदरांवर नजर ठेवतो. तुझा दाणा कुणाला टाकू?

तुझा,
व्हर्लिन


पिओरिया, इलिनॉय
७ जून

व्हर्लिन,

पत्र मिळालं. माझ्या दाढीवर हसणाऱ्या गावाला माझा नमस्कार सांग, आणि त्यांना हेही सांग की ह्या पोराला अकरावीतून शाळेनं नाही काढलं, तोच खिडकीतून गेला.

माझा दाणा फ्रँकलिनला. विचार करायची गरजच नाही. ढगात पतंग सोडून वीज पकडणारा माणूस, दोन भिंगांचा चष्मा केला, सगळ्या म्हणी त्याच्याच. आणि शंभराच्या नोटेवर उगीच कुणाला बसवत नाहीत. शाळेच्या स्वयंपाकघरात आमच्या बायकांना विचारलं, लिंकन आणि फ्रँकलिन ह्यांच्यातच भांडण झालं. वॉशिंग्टनच्या दातांबद्दल डेल्फीनला काहीतरी किळसवाणं सांगायचं होतं, मी सांगू दिलं नाही.

मोजे पाठवते आहे. ते लुटुपुटीचे दांडके कुणाच्या हातात आहेत ते जरा बघून ठेव. मला गमतीजमती आवडतात, पण गमतीत पुढे कोण असतो हे मी आधी बघते.

आत्या


कोल्टर्स बेंड
१३ जून

आत्या, अगं आत्या,

तुझं पत्र वाचून मी दुकानाच्या पायरीवर बसून इतका हसलो की बाई चष्मा काढून बघायला आल्या. फ्रँकलिन राष्ट्राध्यक्ष नव्हताच! कधीच नव्हता! नोटेवर आहे, पतंग खरा, चष्मा खरा, पण त्या खुर्चीत एक दिवस बसला नाही. दहाच्या नोटेवरचा हॅमिल्टनही नव्हता. बाईंनी मला विचारलं होतं, "फ्रँकलिन कितवा?" मी काय उत्तर दिलं ते महत्त्वाचं नाही. मुद्दा हा की तो कितवाच नाही.

तर गंमत अशी. बाईंनी पहिल्या दिवशी ती बरणी मुद्दाम मध्ये ठेवली. जो पहिला बोट दाखवील त्याला पीचच्या फोडींचा डबा बक्षीस, असं मनाशी ठरवून. डबा अजून कपाटात आहे. पाद्री आले, दाणा टाकून गेले. डॉक्टर आले, टाकून गेले. क्रेबिल नातवंडांना घेऊन आला, एकेकाला कडेवर उचलून म्हणाला, "टाका, ह्या माणसानं देश घडवला." बरणी आता वॉशिंग्टनच्या पुढे गेलीय, लिंकनच्या खांद्याला लागलीय.

मला वाटलं बाई हसतील. त्या नाही हसल्या. एप्रिलमध्ये शाळा मंडळानं ठराव केलाय, सप्टेंबरपासून इतिहास फुटबॉलचा कोच शिकवणार. पैसे वाचतात म्हणे. बाईंना फुलांचा गुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ.

"कुणीही शिकवू शकतं असं म्हणाले," बाई म्हणाल्या. बरण्या पुसत होत्या. "म्हणून मी ती बरणी काढत नाही. चार तारखेला मंचावर उभी राहीन आणि नुसता निकाल वाचीन. एक शब्द जास्त नाही. पहिला कोण, दुसरा कोण, आणि त्यातला कोण राष्ट्राध्यक्षच नव्हता."

"बाई, लोक चिडतील."

"चिडू देत. चिडलेला माणूस घरी जाऊन पुस्तक उघडतो."

मला ते फार आवडलं. आमच्या वर्गात असं कुणी बोललं असतं तर मी खिडकीतून गेलो नसतो. बहुतेक.

इथं नदीला पाणी वाढलंय. वर कुठे तरी पाऊस झाला असणार, कारण काल कोंबड्यांचं एक अख्खं खुराडं वाहत गेलं आणि वर कोंबडा उभा. मी पुलापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलो. मोजे मिळाले. तुझा दाणा टाकलाय, फ्रँकलिनलाच. तू ऐकणार थोडीच!

व्हर्लिन


कोल्टर्स बेंड
२२ जून

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही. टपालवाला मला बघून आधीच मान हलवतो. रागावलीस का? मी हसलो ते तुला नाही, त्या पतंगाला हसलो.

इथं काहीतरी बदललंय आणि मला त्याचं टोक सापडत नाही.

गेल्या बुधवारी दुकानात रांग होती. क्रेबिल त्याच्या धाकट्या नातीला घेऊन पुढे उभा. एवढ्यात पेन्सिल्व्हेनियाची पाटी लावलेली एक गाडी थांबली, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक जाडा माणूस आत आला, बरण्या वाचत गेला, आणि खो-खो हसायला लागला. "अगं, इकडे ये! बघ, यांनी आपल्या फिलाडेल्फियाच्या म्हाताऱ्याला राष्ट्राध्यक्ष करून टाकलंय! आणि तो निवडून येतोय!"

छताचा पंखा तेवढा करकरत होता. रांगेतले सगळे बाईंकडे बघत होते, आणि बाई त्या माणसाकडे बघत होत्या. पीचचा डबा काढून द्यावा की नाही ह्या विचारात असाव्यात.

मग क्रेबिल म्हणाला, "गंमत आहे ती. आमच्या बाई फार गमत्या." आणि मग सगळे हसले. पण उशिरा, आत्या. जेवणाआधीची प्रार्थना जेवण झाल्यावर म्हणावी तसे. क्रेबिलनं नातीचा हात धरला, बरण्यांवरून फिरवला, आणि दाणा फ्रँकलिनमध्येच टाकला. टाकताना नातीकडे नाही, बाईंकडे बघत होता. त्याच्या मागच्यानंही फ्रँकलिनमध्येच टाकला. त्याच्याही मागच्यानं. जाडा माणूस फोटो न काढताच निघून गेला.

मला वाटलं होतं, कळल्यावर लोक ती बरणी सोडतील. उलटच झालं. आता जो येतो तो फ्रँकलिनला. लिंकन मागे पडला. कॉफीच्या दुकानात एकानं मला सरळ सांगितलं, "आम्ही म्हणू तो राष्ट्राध्यक्ष. ज्याला पटत नाही त्यानं दुसरं गाव बघावं." तो हसत होता. इथं सगळे हसत असतात.

दुकानाच्या दाराशी लुटुपुटीचे दोन पोलीस उभे असतात हल्ली. दाढी, टोपी, कोट. मला आता कोण कुठला ओळखूच येत नाही. सगळ्यांच्या दाढ्या सारख्या वाढल्यात. "काय हवंय?" विचारलं, तर म्हणे, "बरण्यांची राखण."

आणि टोपडी. बाई टोपडं घालत नाहीत, म्हणतात मी दोनशे वर्षांपूर्वीची नाही. शुक्रवारी सकाळी त्यांच्या कुंपणाला एक टोपडं बांधलेलं होतं. शनिवारी आणखी एक. आता कुंपण भरत आलंय. वारा सुटला की सगळी एकदम माना डोलावतात. बाईंनी एकही काढलं नाही. शेजारीण ॲपल पाय आणून देते, गोड बोलते, टोपड्यांविषयी अवाक्षर काढत नाही.

तू काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

व्हर्लिन


पिओरिया
२६ जून

व्हर्लिन,

रागावले होतेच. तुझं तेरा तारखेचं पत्र मी स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतलं, नेहमीसारखं. मधल्याच ओळीला थांबले. डेल्फीन म्हणाली, "वाच ना." मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावर होता.

सहासष्ट वर्षांची बाई आहे मी. मूर्ख ठरण्याची मला सवय आहे, तुझ्या काकांनी आयुष्यभर करून दिली. पण तुझ्याकडून ठरताना मला वेगळं वाटलं. आठवडाभर तुझं नाव काढलं तरी माझ्या हातून भांडी आपटत होती. आणि मी तर तुझ्यावर जीव टाकणारी! ज्यांचा त्या बाईवर जीव नाही, त्यांचं काय होत असेल, ह्याचा विचार कर.

आणखी एक. तुझं पहिलं पत्र माझ्याजवळ आहे. बरण्यांच्या रांगेत केनेडीनंतर फ्रँकलिनचं नाव तू बिनदिक्कत लिहिलंयस. तेव्हा उगाच मिशीला पीळ देऊ नकोस, असलीच तर.

त्या बाईंना माझा एक प्रश्न विचार. चाळीस वर्षं त्या गावाला इतिहास कुणी शिकवला? मग मंचावर उभं राहून त्या लाज कुणाची काढणार?

आता नीट ऐक. मी आठ वर्षांची होते, पहिलं महायुद्ध चालू होतं. आमच्या गावात जर्मन आडनावाचा एक पाववाला होता. युद्धाचे रोखे त्यानं पुरेसे घेतले नाहीत असं कुणीतरी म्हणालं. आधी लोक त्याला हसून चिडवायचे. मग एका रविवारी, चर्चनंतर, सगळे मिळून त्याच्या दाराला देशद्रोह्याचा पिवळा रंग फासायला गेले. मिरवणूकच होती. बाजा होता. माझ्या हातात आइस्क्रीम होतं. माझे बाबा रंगाची बादली धरून होते, आणि हसत होते. त्यानंतर काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. पाव मात्र आम्ही पुढे दुसऱ्या गावाहून आणायचो. बाबा मरेपर्यंत त्या रस्त्यानं गेले नाहीत.

हा पण इतिहासच. ह्याची बरणी कुणी ठेवत नाही.

तू ते गाव सोड. त्यांना घेऊन सोड, नाहीतर एकटा सोड. पण चार तारखेच्या आत.

आत्या


कोल्टर्स बेंड
३० जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी खिशात घेऊन फिरतोय. केनेडीनंतरचं नाव, हो, मान्य.

सोमवारी द्विशताब्दीच्या कार्यक्रमाचा गुलाबी कागद छापून आला. रविवार, चार जुलै. सकाळी प्रार्थना, संचलन, ॲपल पाय खाण्याची स्पर्धा. मग एक ओळ: "लुटुपुटीचं न्यायालय. गाव विरुद्ध ऑर्फा डाहलग्रेन. आरोप: देशाचा वाढदिवशी अपमान." त्याच्याखाली रस्सीखेच आणि लिंबूसरबत. निकालवाचन कुठेच नाही. बाईंना ते काढून टाकल्याचं कुणी सांगितलंही नाही.

मी दुकानात गेलो आणि म्हटलं, "बाई, ती बरणी मी आत्ता नदीत टाकतो. सांगू, उंदरांनी फोडली."

"उंदरांना फ्रँकलिन आवडतो का रे?"

"बाई, चेष्टा नको."

"मी चेष्टा करत नाही. तूच बघ, गावात आता तेवढंच चालू आहे."

मग मी तुझा प्रश्न विचारला. शब्द न् शब्द तुझेच. त्या खुर्चीवर बसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना दुकानात बसलेलं पाहिलं नव्हतं. बरण्यांकडे बघत राहिल्या, वर्गातल्या पोरांकडे बघावं तशा.

"तुझी आत्या शिक्षिका आहे?"

"शाळेत स्वयंपाक करते."

"बरोबर बोलली. लाज निम्मी माझीच आहे." मग म्हणाल्या, "म्हणून तर पळता येत नाही. पोरं नापास झाली तर मास्तरणीनं वर्ग सोडून जायचं का?"

"माझ्याबरोबर पिओरियाला चला. आत्याचं घर लहान आहे, पण ती नूडल्स फार छान करते. हा पत्ता घ्या."

पत्ता त्यांनी घेतला. घडी करून पाकिटात ठेवला. पण नाही म्हणाल्या.

काल क्रेबिलनं मला कॉफीला बसवलं. अगदी प्रेमानं. म्हणाला, "तू चांगला पोरगा आहेस. हसवतोस. बाईंचा तुझ्यावर जीव बसलाय, त्यांना सांग, टोपडं घालून यायचं, दोन मिनिटं उभं राहायचं, चुकले म्हणायचं. संपलं."

"त्या नाही म्हणणार तसं."

"नववीत त्यांनी मला वर्गासमोर उभं केलं होतं. प्रश्न काय होता ते आठवत नाही. उभं राहिलेलं आठवतं." तो दाढीतून बोटं फिरवत होता. "गावात असं प्रत्येकाला आठवतं, पोरा. कुणाला नववीतलं, कुणाला दहावीतलं."

"मग टाकीत बुडवणार त्यांना?"

"चौकातली टाकी लहान पडते. लोक फार येणार. यंदा नदीवर करतोय."

"नदीला पाणी चढलंय. बाईंना पोहता येत नाही."

"लुटुपुटीचं आहे सगळं," तो म्हणाला, आणि माझे पैसेही त्यानंच दिले. उठताना म्हणाला, "तू वाटसरू. शनिवारची बस चांगली असते. रिकामी असते."

बाहेर आलो, तर एका पोलिसानं आपला दांडका भिंतीला टेकवून ठेवला होता आणि तो सिगारेट पेटवत होता. मी सहज उचलून बघितला. रंग तोच, लाल-पांढरा-निळा. पण लगद्याचा नाही, आत्या. सबंध लाकडाचा आहे. त्यानं माझ्या हातातून तो हळूच काढून घेतला आणि म्हणाला, "जड आहे, नाही?" आवाजावरून मला वाटतं तो खाटीक. किंवा पाद्रींचा भाऊ. खरंच सांगतो, मला आता कळत नाही.

व्हर्लिन


कोल्टर्स बेंड
शुक्रवार, २ जुलै

आत्या,

घाईत लिहितोय. खरा शेरीफ शेजारच्या गावात राहतो, त्याला जाऊन भेटलो. त्यालाही दाढी आहे. म्हणाला, "मुला, तुला विनोद कळत नाही का?"

मी शनिवारचं तिकीट काढलंय. रविवारी सकाळी पिओरियाला पोचेन. मी काही शूर नाही, तुला माहीतच आहे. खिडकीतून जाणं हेच मला जमतं. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा. तुझं ह्या गावाशी काही देणंघेणं नाही." आणि पीचचा डबा मला देऊन टाकला. म्हणाल्या, आता कुणी जिंकायचं राहिलं नाही.

कुंपणावर टोपडी बांधायला जागा उरली नाही. आज दोन दाराच्या कडीला होती.

नूडल्स करून ठेव. बसथांब्यावर यायची गरज नाही, तुझे गुडघे दुखतात. पण आलीस तर बरं वाटेल.

व्हर्लिन


पिओरिया
७ जुलै

व्हर्लिन स्ट्राउड
मुक्काम पोस्ट ऑफिस, कोल्टर्स बेंड

व्हर्लिन,

हे पत्र तुला तिथं मिळू नये अशीच माझी इच्छा आहे.

रविवारी सकाळी थांब्यावर गेले. पश्चिमेकडून आलेल्या बसमधून एक सैनिक उतरला आणि झेंडे घेतलेली दोन मुलं. म्हटलं, चुकली असेल, कुठल्या कुत्र्यामागे गेला असेल. संध्याकाळच्या बसला गेले. आकाशात आतषबाजी चालू होती, सगळं शहर वर बघत होतं, मी एकटी बसच्या दाराकडे. सोमवारी, मंगळवारी, आज, एकही बस सोडली नाही. तिकीट खिडकीतला माणूस आता मला खुर्ची आणून देतो. तुझ्या त्या गावाच्या टपालघरात फोन केला. बाई फार गोड बोलली. म्हणाली, "उत्सव फार छान झाला, सगळे खूप हसलो." व्हर्लिन नावाचा कुणी आठवत नाही म्हणाली. तुझ्या पत्रांवर तिच्याच हातचे शिक्के आहेत.

रागावलेली नाही मी. काल डेल्फीनला आणि सगळ्यांना खरं सांगून टाकलं, फ्रँकलिनचं. निम्म्याहून जास्त जणींना माझ्यासारखंच वाटत होतं. डेल्फीन म्हणाली, "बरं झालं, आपल्यातच कळलं." तुला सांगायचं होतं. एवढ्यासाठीच पत्र

दार वाजलं म्हणून उठले होते. तू असशील म्हणून पळतच गेले.

तू नव्हतास. ऑर्फा डाहलग्रेन आहे. सामान काही नाही, हातात नुसतं पाकीट, केस सुटलेले, तुझ्या अक्षरातला पत्त्याचा कागद. मी तिला स्वयंपाकघरात बसवलंय, पाणी दिलंय, आणि ती सांगतेय तसं मी लिहितेय, कारण माझा हात थांबला तर मला काय होईल माहीत नाही.

ती म्हणते, तू शनिवारच्या बसमध्ये चढला होतास. तिनं स्वतः हात केला होता. रविवारी न्यायालयात तिचं नाव पुकारलं, ती उठायला लागली, तोच गर्दीतून तू पुढे आलास. पहिल्याच थांब्यावर उतरून चालत आला होतास म्हणे, पायाला चिखल. मंचावर चढलास आणि म्हणालास, "महाराज, बरणी मीच ठेवली. बाईंना माहीतही नव्हतं. मी अकरावी नापास, मला फ्रँकलिन राष्ट्राध्यक्षच वाटला." सगळे हसले, म्हणते. पहिल्या दिवशीसारखेच हसले. तुला पिंजऱ्यात घातलं, बाजा वाजवत नदीकडे नेलं. ती मागे धावली, तर पाद्रींच्या बायकोनं तिला धरून गाडीत घातलं, मळ्यावर नेलं, दार बाहेरून लावून घेतलं. बाजा बराच वेळ ऐकू येत होता. मग थांबला.

दुसऱ्या दिवशी क्रेबिलनं स्वतः मळ्यावर येऊन दार उघडलं. टोपी हातात, दाढी काढलेली. तिला म्हणाला, "बाई, पोराला आम्ही टॉवेल दिला, ॲपल पाय दिला, आणि बसमध्ये बसवून दिलं."

आत्ता तिनं पेला खाली ठेवला आणि मला विचारलं, "तो झोपलाय का? मला त्याला उठवायचं नाही, नुसतं बघायचंय."

व्हर्लिन, मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. तुला त्यांनी कुठल्या बसमध्ये बसवलं?